पत्र्याच्या खोलीत नेटवर्क

माझा धंदा पत्र्याचा. पेट्या, पन्हाळी, धुराडी, डबे, जे सांगाल ते. घराच्या पुढच्या भागात माझं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, आणि मागचं अंगण ओलांडलं की एक सुटी खोली. त्या खोलीत माझी बायको शिवणवर्ग चालवायची. बावीस वर्षं चालवला. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

ती गेल्यावर पंधरा दिवस मागची मशीनं बंद होती. मी दुकानात हातोडी मारता मारता मधेच थांबायचो. काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. मग लक्षात यायचं, मागून आवाज येत नाही.

सोळाव्या दिवशी तिची बहीण आली. तिला सगळे धाकटी म्हणतात, आता पंचावन्न वर्षांची झाली तरी. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी आहे, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. ती दोन गल्ल्या सोडून राहते. आली ती सरळ मागच्या खोलीपाशी गेली, किल्ली मागितली आणि म्हणाली, "भावजी, ताईच्या अकरा बायका अर्ध्यावर लटकल्यात. अर्धा शिवलेला सदरा घालून कोणी फिरत नाही." त्या दिवसापासून वर्ग तिनं चालवला. मशीनं पुन्हा सुरू झाली आणि माझं काम पुन्हा हाताला लागलं. याबद्दल मी तिला कधी काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही.

यंदा परीक्षा मंडळाचं पत्र आलं. प्रात्यक्षिक परीक्षा यापुढे पडद्यावरून होणार. परीक्षक आपल्या कचेरीत बसणार आणि इथल्या बायका कापताना, शिवताना त्यांना तीन कॅमेऱ्यांतून दिसल्या पाहिजेत. मोबाईलचे कॅमेरे चालतील. सलग तीन तास, दार बंद. चित्र एकूण पाच मिनिटांपेक्षा जास्त तुटलं तर परीक्षा रद्द आणि केंद्राची मान्यता रद्द.

धाकटीनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ब्लाउजच्या मापाच्या वहीत ठेवलं.

"मान्यता गेली तर?" मी विचारलं.

"तर वर्ग बंद. मग माझं इथे काय काम? मुलगा कधीपासून बोलावतोय, त्याच्याकडे जाईन. नातीला सांभाळीन."

ती सहज बोलली. मी मान हलवली आणि दुकानात येऊन बसलो. त्या दिवशी एका पेटीची दोन झाकणं उलटी वळवली.

आमच्याकडे इंटरनेट होतं, पण त्याचा डबा, म्हणजे राउटर, वरच्या खोलीत. त्याची रेंज अंगणात दोन पावलं टाकली की संपायची. ज्या कंपनीचं कनेक्शन होतं तिला फोन केला. त्यांनी माणूस पाठवण्याची तारीख दिली ती परीक्षेनंतरच्या आठवड्यातली. म्हणून मीच बाजारात गेलो.

दुकानदार तरुण, भला माणूस. म्हणाला, "काका, तुम्हाला ॲक्सेस पॉईंट लागेल. वरच्या राउटरपासून एक केबल टाकायची, तिच्या टोकाला हा लावायचा. हा तिथून वायफाय सोडेल." त्यानं जेवणाच्या ताटलीएवढी पांढरी गोल वस्तू पुढे ठेवली. "घरात बसवायला आहे कोण?"

"मी आहे."

"तसं नाही, म्हणजे यातलं कळणारं कोणी?"

"यातलं कळणारं कोणीच नाही. म्हणून तू आत्ता समजावून सांग."

त्यानं समजावलं, आणि चांगलं समजावलं. केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. त्या ठरलेल्या रंगाच्या क्रमानं टोकाच्या छोट्या पारदर्शक प्लगमध्ये बसवायच्या आणि चिमट्यानं दाबायच्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मी हातावर लिहून घेतलं. वीजही त्याच केबलमधून जाते, त्यासाठी राउटरजवळ एक छोटा अडॅप्टर लावायचा. चिमटा त्यानं आठवडाभर वापरायला दिला.

पहिले तीन प्लग वाया गेले. चौथा बसला. माझी बोटं जाड आहेत, पण बारीक कडेला कडा जुळवणं हेच मी आयुष्यभर केलंय. एकदा हात बसल्यावर मी मजेत आणखी दोन बनवले, गरज नसताना.

मग माझ्या मुलानं मागे ठेवलेला जुना लॅपटॉप काढला. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आकड्यांचा पत्ता टाकला, तर पान उघडलं ते राउटरचं. पुन्हा टाकला, पुन्हा राउटर. तास गेला. शेवटी परगावी मुलाला फोन केला.

"बाबा, तुम्ही स्वतः करताय? कंपनीचा माणूस येईल ना."

"येईल. सगळं बुडाल्यावर येईल. तू फक्त सांग, मी याला बोलावतोय तर तो का येतोय?"

तो हसला. म्हणाला, "दोघांचा पत्ता कारखान्यातून सारखाच आलेला असणार. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर. राउटरची केबल काढा, नुसता ॲक्सेस पॉईंट लॅपटॉपला जोडा, आणि त्याचा शेवटचा आकडा एकाचा दोन करा. आणि बाबा, त्याच्यातलं पत्ते वाटायचं काम बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा, तो राउटर."

तसं केलं. पान उघडलं. नाव विचारलं, मी 'शिवणवर्ग' लिहिलं. पासवर्ड टाकला. दोघांना पुन्हा केबलनं जोडलं आणि ॲक्सेस पॉईंटवरचा निळा दिवा लागला. मी खुर्चीत बसून त्या दिव्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे.

आता तो लावायचा कुठे हा प्रश्न होता. खरं तर मला तो प्रश्न वाटलाच नाही. मी तो घराच्या मागच्या भिंतीवर, छज्ज्याखाली लावला, वर्गाच्या दाराच्या अगदी समोर. मधे अंगण बारा पावलांचं. खोलीच्या आत लावायचा विचार मी केला नाही, आणि का ते सांगायला हवं.

त्या खोलीला पूर्वी ओल यायची. मागच्या बाजूला शेजाऱ्यांची पाण्याची मोठी टाकी आहे, तिचं पाणी भिंतीत झिरपायचं. गिऱ्हाइकांच्या कापडाला बुरशीचे ठिपके पडायचे. एका वर्षी एका नवरीचा पांढरा पोशाख खराब झाला आणि बायको दोन दिवस जेवली नाही. मग आम्ही ती खोली आतून पत्र्यानं मढवली. चार भिंती, छत, दाराची आतली बाजू. तीन आठवडे लागले. ती पत्र्याचं एक टोक धरायची, मी दुसरं. कडा एकमेकीत दुमडून ठोकल्या, दर्शनी भागावर एकही खिळा मारला नाही. तिनंच बजावलं होतं, "एक भोक दिसलं तरी मी तुम्हाला जेवायला वाढणार नाही." वर तिनं दुधी रंगाचे चार हात दिले. त्यानंतर त्या खोलीत घड्याळसुद्धा टेबलावर उभं असायचं, कारण भिंतीत खिळा मारायचा नाही. वीस वर्षं तिथे ओल आली नाही. मी आयुष्यात बरंच काम केलं, पण यापेक्षा चांगलं नाही.

तर मी बाहेर लावलेल्या ॲक्सेस पॉईंटची रेंज वर्गात बघितली. चारही दांड्या. तिन्ही मोबाईल जोडले, मुलाशी व्हिडिओवर बोललो, त्याला मशीनं दाखवली. एकदाही अडकलं नाही. धाकटी दारात उभी होती.

"बघ," मी म्हटलं. "कंपनीचा माणूस हवा होता म्हणे."

"मी कुठे म्हटलं? तुम्हीच म्हणत होता."

मी दोन दिवस गल्लीत जरा छाती काढून फिरलो, हे मान्य करतो. भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

बुधवारी मंडळानं रंगीत तालीम ठेवली होती, परीक्षा रविवारी. सगळ्या केंद्रांनी ठरल्या वेळी पंधरा मिनिटं जोडून दाखवायचं. बायका मशीनवर बसल्या, तीन मोबाईल तीन स्टँडवर. नियमाप्रमाणे धाकटीनं दार लावलं. मी बाहेर अंगणात.

अर्ध्या मिनिटात दार उघडलं. "भावजी, चित्र गेलं."

मी आत गेलो. चित्र आलं. बाहेर आलो, दार लागलं, चित्र गेलं. पडद्यावरची परीक्षक बाई म्हणत होती, "केंद्र दोन, तुम्ही येताय की जाताय?"

पंधरा मिनिटं संपली. "रविवारी असं चालणार नाही," एवढं बोलून तिनं पुढच्या केंद्राला घेतलं. धाकटीनं मोबाईल स्टँडवरून काढले, एकावर एक ठेवले, आणि आपल्या मुलाला फोन करायला लागली. मी म्हटलं, "कोणाला करतेस?" ती म्हणाली, "गाडीचं तिकीट सोमवारचं मिळतंय का बघायला सांगते."

"रविवार अजून व्हायचाय."

"मग रविवारनंतरचं सांगते. सोमवार रविवारनंतरच येतो."

मला राग आला तो त्या पांढऱ्या ताटलीचा. दुसरा दिवसभर मी लॅपटॉपला चिकटलो. ताकद कमी होती ती सगळ्यात वर केली. माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, आजूबाजूच्यांची वायफाय एकाच वाटेनं जात असतील, त्याला चॅनल म्हणतात, तर वेगळी वाट धर. मोबाईलवर यादी काढली. समोरच्या सहा मजली इमारतीतली बत्तीस नावं निघाली. एकाचं नाव 'स्वतःचं घ्या', त्याच्या खाली दुसऱ्याचं 'घेतलं'. तीन वाटा, आणि प्रत्येकीवर दहा-अकरा जणांची रेटारेटी. मी इकडून तिकडे फिरवून बघितलं. दार उघडं, चार दांड्या. दार बंद, काही नाही.

संध्याकाळी वर्ग सुटताना कंडक्टरबाई थांबली. ती बसवर कंडक्टर आहे, वीस वर्षं उभं राहून गुडघे गेले म्हणून तीन वर्षांपासून शिवण शिकतेय. आवाज असा, की कुजबुजली तरी मागच्या सीटवर ऐकू जावं.

"काका, एक सांगू? बाईंच्या वेळी दार कायम बंद असायचं."

"हो. धूळ येते म्हणून."

"आणि तेव्हा वर्गात कधी कोणाचा फोन वाजला नाही. एकदासुद्धा नाही. आम्ही म्हणायचो, बाईंचा धाक बघा, फोनसुद्धा गप्प बसतात. मावशी आल्यापासून दार उघडं असतं, वारा लागतो म्हणून. आणि फोन दिवसभर किणकिणतात. आम्हाला वाटलं मावशींना कोणी भीत नाही."

"मला भीत नाही?" धाकटी आतून म्हणाली.

"मावशी, मी बसबद्दल बोलत होते."

मी उठलो. आत गेलो, दार लावलं. दुधी रंगाच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण वाजलं. मी चाळीस वर्षं पत्र्याचं काम करतो. पत्रा पाणी अडवतो, वारा अडवतो, उंदीर अडवतो. आणखी काय अडवतो हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी माझ्या हातांनी एक बंद डबा बनवला होता, त्यात अकरा बायका बसवल्या होत्या, आणि बाहेरून हाका मारत होतो.

मी हसायला लागलो. एकटाच, दार बंद करून. बाहेर दोघी घाबरल्या असतील. दार उघडून मी कंडक्टरबाईला म्हटलं, "बाईंचा धाक होताच. पत्र्यानं नुसती मदत केली."

पण आता करायचं काय? ॲक्सेस पॉईंट आत घ्यायचा, म्हणजे केबल आत जायला हवी. विजेची तार पत्रा लावायच्या आधीपासून भिंतीत होती, तिच्या नळीत आता टाचणीसुद्धा मावली नसती. दाराखालून केबल घालून बघितली, पण ते दार मीच इतकं घट्ट बसवलेलं, की लावताना केबल चेपायची. खिडकीवर बारीक तारेची जाळी, तीही कडेनं पत्र्यात दुमडलेली. एकच वाट उरली. भोक.

शुक्रवारी सकाळी मी छिन्नी-हातोडी आणि गोल ठसा घेऊन आत गेलो. दाराशेजारी भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं खूण केली. शिडीवर चढलो. ठसा खुणेवर टेकवला. आणि तसाच राहिलो.

धाकटी मागे येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"काही नाही. हात भरून आला."

"अजून मारलंच नाही तर हात कसा भरेल?"

मला सांगता येईना. बायकोनं शेवटचं सांगितलेलं बरंच मी विसरलोय, दवाखान्यातलं तर फारसं आठवतच नाही. ही एक गोष्ट मात्र पक्की पाळली होती.

धाकटीनं शिडी दोन्ही हातांनी धरली. म्हणाली, "भावजी, ताईनं पाण्यासाठी नको म्हटलं होतं. तुम्ही भोक असं करा की पाणी येणार नाही. की तेवढं जमत नाही आता?"

मी वळून बघितलं. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं, वाकडं. पण शिडी तिनं घट्ट धरली होती.

"जमत नाही म्हणतेस?"

"मी कशाला म्हणू? तुमचा हात म्हणतोय."

मी हातोडी मारली. तीन घावांत पत्रा सुटला. पत्र्यामागची भिंत ड्रिलनं आरपार केली, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, म्हणजे पाणी आलं तरी बाहेरच जाईल. मग खरं काम केलं. भोकाची कड आतल्या बाजूला वळवली, केबलला धार लागू नये म्हणून. पत्र्याची छोटी नळी वळवून त्यात बसवली आणि कथील वितळवून चहूबाजूंनी डाग दिला. केबल ओवल्यावर नळीचं तोंड रबरानं बंद केलं. वरून दुधी रंग लावला. धाकटी चहा घेऊन आली तेव्हा तिला जागा शोधावी लागली.

ॲक्सेस पॉईंट छताला लावायला आणखी भोकं लागली असती. ती मी केली नाहीत. छताच्या पत्र्यांची जिथे घडी आहे, तिथे तिच्या कडेला पकडेल असा चिमटा वाकवला आणि ताटली त्याला अडकवली. खोलीच्या बरोबर मधोमध.

दार लावलं. मोबाईलवर पुन्हा यादी काढली. मला वाटलं मोबाईल बिघडला. परत काढली. यादीत एकच नाव होतं, शिवणवर्ग. 'स्वतःचं घ्या' नाही, 'घेतलं' नाही, समोरच्या सहा मजल्यांतलं कोणीच नाही. आपलं बाहेर जात नव्हतं तसं त्यांचंही आत येत नव्हतं. वेग मोजला. वरच्या खोलीत राउटरला खेटून बसल्यावर जितका यायचा त्याच्या दीडपट आला. तीन वाटा रिकाम्या, आणि चालणारे आम्ही एकटे.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, लोक प्रयोगशाळेत अशी खोली बनवायला खूप पैसे मोजतात."

"तुझ्या आईनं रंग दिलाय तिला," मी म्हटलं.

रविवारी नियमाप्रमाणे यंत्रं सांभाळायला एक माणूस आत बसू शकत होता. मी दाराजवळ खुर्ची घेतली. बायको गेल्यापासून मी त्या खोलीत इतका वेळ कधी बसलो नव्हतो. ठरल्या वेळी पडद्यावर परीक्षक बाई आली, चष्मा नाकाच्या टोकावर. एकूण पाच केंद्रं होती, पडद्यावर पाच चौकोन. काम होतं कॉलर आणि बाह्यांसकट सदरा, कापण्यापासून बटणापर्यंत.

कात्र्या चालू झाल्या. पहिल्या वीस मिनिटांत केंद्र चारचं चित्र गेलं, आलं, गेलं. मग केंद्र पाच नुसतं ठिपके दाखवायला लागलं. केंद्र एकमधली बाई हात वर करून तशीच गोठली, दहा मिनिटं तिचा हात वरच. रविवार होता. सगळ्या शहरांतली माणसं घरी बसून काहीबाही बघत असणार.

आमचा चौकोन हलला नाही. म्हणजे त्यातल्या बायका हलत होत्या, चित्र हलत नव्हतं.

तासाभरानं परीक्षक बाईनं चष्मा वर केला. "केंद्र दोन."

"हो," धाकटी म्हणाली.

"तुमचं चित्र फार स्वच्छ आहे."

"धन्यवाद."

"मी कौतुक करत नाहीये. हे आधी काढून ठेवलेलं तर लावलं नाही ना?"

खोलीतली सगळी मशीनं थांबली. धाकटी लाल झाली. "आधी काढून ठेवलेलं? आम्ही?"

"बुधवारी तुमचं दोन मिनिटं टिकत नव्हतं. आज तासभर पापणी लवली नाही. हिरव्या पोशाखातल्या बाई, उभ्या राहा."

कंडक्टरबाई गुडघ्याला हात लावून उठली. "उठले."

"कॉलर दाखवा. उलटी करून. आता डावा हात वर."

"डावाच आहे हा. उजवा दुखतो."

"बरं. आता काहीतरी असं म्हणा जे आधी म्हणून ठेवता येणार नाही."

कंडक्टरबाईनं क्षणभर विचार केला. मग तिच्या बसच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या मागच्या खिडकीत मांजर बसलंय आणि तुमचा डबा उघडतंय."

परीक्षक बाईनं गर्रकन मान वळवली. पडद्यावर धावपळ झाली, मांजर उडी मारून गेलं. ती परत बसली तेव्हा चष्मा हातात होता आणि ती हसू दाबत होती. "ठीक आहे. चित्र ताजं आहे. चालू ठेवा."

दुसऱ्या तासाला एक मोबाईल अचानक वाजायला लागला. धाकटीचाच. जहाजावरून नवरा, नेटवरून करत होता. दार बंद असताना त्या खोलीत फोन वाजला तो हा पहिलाच. तो कॅमेरा थांबला, त्याच्या जागी पडद्यावर नवऱ्याचा टोपीतला फोटो आला. "केंद्र दोन, हे गृहस्थ कोण?" असं परीक्षक बाई विचारते तोवर धाकटीनं झेप घालून फोन कापला. अकरा सेकंद गेली. तीन तासांत आमचं जे काही तुटलं ते एवढंच.

वेळ संपली तेव्हा पाचातली दोन केंद्रं पडद्यावर उरली होती. परीक्षक बाईनं एकेकीचा सदरा उलटसुलट करून बघितला, शिवण जवळून दाखवायला सांगितली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "तुमचं नेटवर्क कुठल्या कंपनीनं बसवलं? मला बाकीच्यांना सांगायचंय."

"कंपनी नाही," धाकटी म्हणाली. "आमच्या भावजींनी बसवलं. पत्र्याचं काम करतात ते."

"त्यांना समोर बोलवा."

मी कॅमेऱ्यासमोर गेलो. सांगितलं. पत्रा, दार, भोक, नळी, बत्तीस नावं आणि एक नाव. ती लिहून घेत होती. ते बघून मी जरा जास्तच सांगितलं, कथलाचं प्रमाणसुद्धा.

"तर मग असं," ती म्हणाली. "ज्या तीन केंद्रांचं तुटलं त्यांच्या बायकांचा यात दोष नाही. त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. पुढचे तीन रविवार त्यांना तुमच्या खोलीत बसवलं तर चालेल?"

धाकटी माझ्याआधी बोलली. "चालेल. पण कात्र्या ज्यांनी त्यांनी आणायच्या. आमच्या कात्र्यांना मी कोणाला हात लावू देत नाही."

पडदा बंद झाला. मग जो गलका झाला तो समोरच्या इमारतीतसुद्धा गेला असेल, पत्रा असूनही. बायका एकमेकींना सदरे दाखवत होत्या, कंडक्टरबाई मांजराची गोष्ट तिथे बसलेल्यांनाच सांगत होती, जणू त्यांनी बघितलीच नव्हती. कोणीतरी माझ्या गळ्यात मोजपट्टी घातली. मी ती काढली नाही. दुकानात गेलो तरी होती.

पंधरा दिवसांनी निकाल आला. अकराच्या अकरा पास. त्याच पाकिटात मंडळाचं दुसरं पत्र होतं, आमच्या केंद्राची मान्यता पाच वर्षं वाढवल्याचं. धाकटीनं ते मला दुकानात आणून दिलं. मी चष्मा लावून हळूहळू वाचलं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मोजून बघितलं.

"म्हणजे बहात्तरपर्यंत," मी म्हटलं.

"काय बहात्तरपर्यंत?"

"मला कुठे जायची सोय राहिली नाही."

"नाहीच," धाकटी म्हणाली. "खाली बघा, यंत्रं सांभाळणारा म्हणून तुमचं नाव टाकलंय, सहीसकट. मधेच जायचं असेल तर मंडळाला अर्ज द्यावा लागेल." आणि ती वळून अंगणातून मागे गेली, कारण नव्या तुकडीच्या सतरा बायका आल्या होत्या आणि खुर्च्या चौदाच होत्या.

मी पत्र खिळ्याला अडकवलं आणि पत्र्याचा नवा ताव ओढला. बसायला खुर्चीएवढ्या उंच तीन पेट्या करायला तासभर लागला असता. मी अर्ध्या तासात केल्या.